जुनं घर घेताय? विसार देण्याआधी छताकडे बघा

जुनं घर बघायला गेलं की आपण नळ सोडून बघतो, भिंतीला हात लावून ओल आहे का ते तपासतो, दारं नीट लागतात का हेही पाहतो. छताकडे मात्र फार तर एकदा मान वर करून बघितलं जातं. त्या छतावर खडबडीत, दाणेदार थर असेल आणि घर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासात गेल्यास कर्करोग करू शकणारं तंतुमय खनिज, असू शकतं. ही शंका आली की लोक दोन टोकांना जातात. काहीजण घाबरून चांगलं घर हातचं घालवतात. काहीजण "अहो, सगळ्याच जुन्या घरांत असतं ते" हे एजंटाचं वाक्य ऐकून सही करतात आणि राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात छत खरवडायला घेतात. या दोघांत मला दुसऱ्यांची जास्त काळजी वाटते.

छतात ॲस्बेस्टॉस आहे की नाही, हे कळायला हवंच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की तुम्हाला त्या छताला हात लावायचा आहे का? दिवे बदलायचे, छत गुळगुळीत करून घ्यायचं, भिंत पाडून दोन खोल्यांची एक करायची, असं काही मनात असेल तर तेच घर तुम्हाला बरंच महाग पडेल. काहीच करायचं नसेल आणि छत धड असेल, तर कदाचित काहीच खर्च येणार नाही. म्हणून आधी कागदावर लिहून काढा: या घरात पुढच्या पाच वर्षांत मी काय-काय तोडफोड करणार आहे? पुढचे सगळे निर्णय या यादीवर ठरतात.

धोका नेमका कशात आहे

ॲस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारं तंतुमय खनिज. आग लागत नाही, उष्णता अडवतं, आवाज शोषतं आणि एके काळी स्वस्तही होतं. त्यामुळे विसाव्या शतकात ते छतांच्या लेपात, फरशांत, पाइपांच्या वेष्टणात, सिमेंटच्या पत्र्यात सगळीकडे घातलं गेलं. घरांत सर्वाधिक सापडतं ते पांढरं, म्हणजे क्रिसोटाइल. तपकिरी अमोसाइट आणि निळं क्रोसिडोलाइट त्याहून घातक मानलं जातं. पण जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सगळ्याच प्रकारांना कर्करोगकारक म्हणते, तेव्हा "आमचं पांढरं आहे, ते चालतं" या दिलाशाला अर्थ नाही.

छतात नुसतं बसून राहिलेलं ॲस्बेस्टॉस काही करत नाही. त्रास होतो तो तंतू हवेत उडून श्वासावाटे फुप्फुसात गेले की. हे तंतू इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, वास येत नाही, खोकलाही येत नाही. एकदा उडाले की तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. त्यातून होणारे आजार म्हणजे ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसं व्रण पडून कडक होणं), फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग). ते दिसायला सहसा दहा ते चाळीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

आता याची दुसरी बाजू. आजारी पडलेल्यांत मोठा भाग खाणीत, जहाजबांधणीत, कारखान्यात, बांधकामावर वर्षानुवर्षं या धुळीत काम केलेल्यांचा आहे. त्यांचे कपडे घरी धुणारी माणसंही त्यात आहेत. शाबूत छताखाली झोपणारा माणूस या रांगेत बसत नाही. पण अमुक एका मात्रेपर्यंत चालतं, अशी सुरक्षित मर्यादाही कुणी ठरवून दिलेली नाही. म्हणून धूळ उडूच द्यायची नाही, हा एकच नियम.

घराचं वय विचारा, आणि दुरुस्तीचंही

कोणत्या देशात कधी बंदी आली, यावरून पहिला अंदाज बांधता येतो. अमेरिकेत आग आणि उष्णता अडवण्यासाठीच्या फवारणीवर १९७३ साली बंदी आली. सांधे बुजवायच्या पुट्टीतलं ॲस्बेस्टॉस १९७७ साली बंद झालं आणि छताच्या सजावटीच्या फवारणीवर १९७८ साली बंदी आली. तरी उरलेला माल संपवायला मुभा होती, त्यामुळे १९८०च्या दशकातल्या छतांतही ते सापडतं. ब्रिटनमध्ये निळं आणि तपकिरी १९८५ साली, पांढरं १९९९ साली बंद झालं. तिथे २००० सालाआधी बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या कुठल्याही इमारतीत ते असू शकतं असं धरूनच कामं करतात. ऑस्ट्रेलियात संपूर्ण बंदी २००३च्या अखेरीस, युरोपीय संघात २००५ साली, कॅनडात २०१८च्या अखेरीस. भारतात तर पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे सिमेंटचे पत्रे अजूनही कायदेशीरपणे बनतात. तिथे वयावरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

नुसतं बांधकामाचं साल पुरत नाही. १९३५ सालच्या घराचं छत १९६८ साली नव्याने केलेलं असू शकतं. उलट १९६५ सालच्या घराचं छत मागच्या मालकाने उतरवलेलंही असेल, आणि मग प्रश्न उरतो की ते कसं उतरवलं. कोरडंच खरवडून काढलं असेल तर छत स्वच्छ दिसेल, पण धूळ जुन्या गालिच्यात, हवेच्या नळ्यांत, माळ्यावर अजून असेल. पालिकेकडे किंवा स्थानिक बांधकाम विभागाकडे परवान्यांची नोंद मिळत असेल तर ती काढून घ्या.

छत कसं बघायचं

डोळ्यांनी ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. अनुभवी माणसालाही नाही. बघायचं ते दोन गोष्टींसाठी: संशयास्पद प्रकार आहे का, आणि छताची अवस्था कशी आहे.

सगळ्यात परिचित प्रकार म्हणजे पॉपकॉर्न सीलिंग. छतावर बारीक गुठळ्यांचा फवारलेला थर. हा मऊ असतो, बोट घासलं तरी कण पडतात. बोट घासून बघू नका, हे वेगळं सांगायला नको. दुसरा प्रकार ब्रिटन-आयर्लंडकडे खूप दिसतो. प्लास्टरसारख्या लेपात ब्रशने किंवा कंगव्याने काढलेली वळणं, पंखे, लाटा. हा कडक असल्याने त्यातले तंतू सहजी सुटत नाहीत, मात्र सँडपेपर किंवा ड्रिल लावलं की सुटतात. तिसरा प्रकार लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेल्या चौकोनी टाइल्सचा. चौथा म्हणजे सपाट सिमेंटच्या शीटचं छत, ज्याच्या सांध्यांवर लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात. गॅरेज, बाथरूम, व्हरांडा इथे हे जास्त.

अवस्था तपासायची तर टॉर्च न्या आणि प्रकाश छताला जवळजवळ समांतर पडेल असा धरा. सरळ उजेडात जे छत एकसंध दिसतं, त्यावर तिरक्या उजेडात फुगवटे, सुटलेले पापुद्रे, मध्येच गुळगुळीत राहिलेला ठिगळासारखा भाग असं सगळं उठून दिसतं. गुळगुळीत ठिगळ म्हणजे तिथे कधीतरी गळती झाली किंवा दिवा हलवला. पाण्याच्या डागाची तपकिरी कडा दिसते का बघा. भिजलेला थर वाळला की छताला धरून राहत नाही, आधी तोच पडतो. दिव्यांच्या आणि पंख्याच्या बैठकीभोवती, धूर ओळखणाऱ्या यंत्राच्या स्क्रूंभोवती कण सुटलेत का पाहा. कपाटांच्या वरच्या फळीवर पांढरी, दाणेदार भुकटी पडलीय का तेही बघा, पण पुसायला जाऊ नका.

आणि भिंतीतल्या कपाटांच्या आत मान घालून वर बघा. खोलीचं छत नवं करून घेणारे लोक कपाटाच्या आतलं छत बहुतेक वेळा तसंच सोडतात. खोलीत गुळगुळीत आणि कपाटात दाणेदार दिसलं, की विचारायचे प्रश्न बदलतात.

छताच्या वरचा माळाही महत्त्वाचा. तिथे थंडी-उष्णता अडवायला सुटं भरलेलं काही असेल तर आत शिरू नका. झडप उघडून तिथूनच टॉर्चने पाहा, आणि तीही अलगद उघडा. चंदेरी-तपकिरी, अभ्रकासारखे चमकणारे खडे दिसले तर ते बहुधा व्हर्मिक्युलाइट, म्हणजे उष्णता अडवायला भरतात ते हलकं खनिज. अमेरिका-कॅनडातल्या घरांतलं बरंचसं व्हर्मिक्युलाइट माँटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतलं आहे. ती खाण १९९० साली बंद झाली, आणि तिथल्या दगडातच ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. त्यात एखादा नमुना स्वच्छ निघाला तरी भरवसा नाही, कारण मिसळण सगळीकडे सारखी नसते. म्हणून व्हर्मिक्युलाइट दिसलं की ते दूषित आहे असंच धरायचं आणि त्याला ढवळायचं नाही, असा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा सल्ला आहे.

सुट्या ॲस्बेस्टॉसचं प्रकरण किती टोकाला जाऊ शकतं, ते ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात दिसलं. 'मिस्टर फ्लफी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंत्राटदाराने १९६८ ते १९७९ या काळात तिथल्या हजाराहून अधिक घरांच्या माळ्यांवर सुटं ॲस्बेस्टॉस फुंकून भरलं. नंतर सरकारने एकदा ते उपसून काढलं, तरी तंतू भिंतींच्या पोकळ्यांत उतरलेले सापडले. शेवटी २०१४ साली सरकारने घरं विकत घेऊन पाडायची योजना आणली. माळ्यावर सुटं ॲस्बेस्टॉस आहे असं सिद्ध झालं, तर मी ते घर घेऊ नका असंच म्हणेन. छताच्या लेपाबद्दल मात्र मी असं म्हणणार नाही.

विचारपूस आणि कराराची अट

विकणाऱ्याला लेखी विचारा: छताची कधी तपासणी झाली का, रिपोर्ट आहे का, छतावर काय काम झालं, कुणी केलं. लेखी का, तर माहीत असून लपवलं हे पुढे दाखवता यावं म्हणून. माहिती द्यायची सक्ती किती, हे जागेनुसार बदलतं. अमेरिकेत जुन्या घरातल्या शिशाच्या रंगाबद्दल सांगणं केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे, ॲस्बेस्टॉसबद्दल तशी केंद्रीय सक्ती नाही. काही राज्यांचे आपापले नियम आहेत. आणि "आम्हाला कल्पना नाही" हे उत्तर बऱ्याचदा खरंही असतं.

घर तपासायला जो सर्वसाधारण इन्स्पेक्टर येतो, त्याच्या कामात ॲस्बेस्टॉसची चाचणी सहसा धरलेली नसते. तो "असण्याची शक्यता आहे, तज्ज्ञाला दाखवा" असं एक वाक्य लिहून मोकळा होतो. त्या वाक्यावर समाधान मानू नका, आणि ते वाक्य नाही म्हणजे ॲस्बेस्टॉस नाही असाही अर्थ काढू नका.

नमुना काढायचा म्हणजे छताला छोटं भोक पाडायचं. घर अजून तुमचं नाही, तेव्हा मालकाची परवानगी लागते. करारात अट घाला, की अमुक दिवसांत चाचणी करून घेण्याचा हक्क राहील आणि निकाल मान्य नसेल तर विसार परत मिळेल. वकिलाकडून दोन ओळी लिहून घेतल्या की झालं. नमुना घ्यायला साफ नकार देणाऱ्या मालकाचं छत दूषित आहे असं समजूनच भाव बोला.

नमुना आणि रिपोर्ट

काही ठिकाणी राहत्या घरातला नमुना स्वतः काढायला परवानगी असते, त्यासाठीचे संचही मिळतात. खरेदीच्या व्यवहारात मात्र परवानाधारक माणूसच बोलवा. त्याचा कागद वाटाघाटीत चालतो, तुमचा चालत नाही. एक गोष्ट कटाक्षाने पाळा. तपासणारा आणि काढून टाकणारा एकच नको. ज्याला छत उतरवण्याचे पैसे मिळणार, त्यालाच ते उतरवायला हवं का हे विचारण्यात काय हशील?

काम नीट होतंय का, हे शेजारी उभं न राहताही कळतं. खोलीतला पंखा आणि वातानुकूलन बंद, खाली प्लास्टिक अंथरलेलं, माणसाच्या तोंडावर योग्य दर्जाचा मास्क. ज्या ठिकाणचा तुकडा काढायचा तिथे साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याचा फवारा मारून ती जागा भिजवतात. मग धारदार पातं फिरवून लेपाच्या पूर्ण जाडीचा लहान तुकडा कापतात. वरवर खरवडलेला नमुना उपयोगाचा नाही, कारण वरचा थर नंतरच्या रंगाचा असू शकतो. तुकडा बंद पिशवीत, त्यावर खोलीचं नाव आणि जागा, पातं पुसलेलं, भोक बुजवलेलं.

एकच नमुना पुरत नाही. हाताने मिसळलेला लेप एका बादलीत एक, दुसऱ्या बादलीत दुसरा असू शकतो. अमेरिकेत शाळांसाठी ठरवलेली रीत घरांनाही वापरतात: एकसारख्या लेपाचं क्षेत्र १,००० चौरस फुटांपर्यंत असेल तर ३ नमुने, ५,००० पर्यंत ५, त्याहून मोठं असेल तर ७. लेपाची जात बदलली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. यातला एक जरी नमुना दूषित निघाला, तरी त्या जातीचं सगळं छत दूषित धरायचं.

लॅब मान्यताप्राप्त हवी. ब्रिटनमध्ये यूकास, ऑस्ट्रेलियात नाटा, भारतात एनएबीएल, अमेरिकेत एनव्हीलॅप ही मान्यता देणारी नावं. चाचणी सहसा ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली होते. रिपोर्टमध्ये थरानुसार निकाल दिलेला असतो. छताच्या लेपात सापडलं तर प्रमाण बहुतेक वेळा काही टक्क्यांतच असतं. "आढळले नाही" असं सगळ्या नमुन्यांपुढे असेल तर विषय संपला. अमेरिकेत एक टक्क्याहून जास्त असेल तरच कायद्याने तो माल ॲस्बेस्टॉसयुक्त ठरतो. पण ही रेघ कायद्याची आहे, फुप्फुसांची नाही. एक टक्क्याच्या आत निघालं तरी खरवडताना काळजी तीच घ्या.

सापडलं, आता काय

तीन वाटा आहेत.

छत शाबूत आहे, यादीत तोडफोड नाही, तर तसंच राहू द्या. वर्षातून एकदा त्याच तिरक्या टॉर्चने बघत जा. अनेक घरांसाठी हाच योग्य निर्णय असतो, आणि यात काही निष्काळजीपणा नाही.

दुसरी वाट झाकण्याची. एक तर वरून रंग किंवा खास बांधणारा लेप द्यायचा. इथे रोलर फिरवला की ओला झालेला मऊ थर रोलरलाच चिकटून खाली येतो, त्यामुळे हे काम फवाऱ्याने आणि जाणकाराकडूनच. शिवाय एकदा रंगवलेलं छत पुढे उतरवायचं ठरलं तर पाणी आत मुरत नाही, काम अवघड होतं. मला त्यापेक्षा खालून नवा जिप्सम बोर्ड लावणं बरं वाटतं. छत थोडं खाली येतं, पण दिसायला स्वच्छ आणि जुना थर बंदिस्त. मात्र बोर्डाचे स्क्रू जुन्या थरातूनच जातात, त्यामुळे हेही माहीतगाराचं काम. नंतर कुणी नवे दिवे बसवायला भोकं पाडली तर केलेलं सगळं वाया.

तिसरी वाट काढून टाकण्याची. गळतीने छत सुटत असेल किंवा मोठं नूतनीकरण करायचंच असेल तर हीच. काम असं चालतं: खोली प्लास्टिकने पूर्ण बंद करतात, हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) लावलेल्या यंत्राने आतली हवा सतत ओढून घेतात, म्हणजे झिरपली तरी हवा आतच येते, बाहेर जात नाही. छत भिजवून ओलंच खरवडतात. कचरा जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशव्यांत बांधून, लेबल लावून, ठरवून दिलेल्या जागीच टाकतात. शेवटी हवेची चाचणी होते. ती त्रयस्थाकडून करून घ्या आणि तिचा निकाल हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. खरवडून झाल्यावर खालच्या बोर्डाच्या सांध्यांतल्या पुट्टीतही ॲस्बेस्टॉस निघू शकतं, ते आधीच्या नमुन्यांत तपासलंय ना, हे विचारून घ्या.

काढायचंच असेल तर सगळ्यात सोयीचा काळ एकच: घराचा ताबा मिळाल्यानंतर आणि सामान आत येण्याआधी. रिकाम्या घरात हे काम काही दिवसांत उरकतं. सामान भरल्यावर प्रत्येक गादी, प्रत्येक पडदा हा नवा प्रश्न असतो.

भाव कसा बोलायचा

चाचणीचा कागद आणि दोन-तीन परवानाधारकांचे लेखी अंदाज घेऊन बसा. त्यात फक्त उतरवण्याचा खर्च धरू नका. नंतर छत पुन्हा गुळगुळीत करणं, कचऱ्याची विल्हेवाट, हवेची चाचणी आणि तेवढे दिवस दुसरीकडे राहणं हेही धरा. विकणारा म्हणेल, "मीच काढून देतो." हा प्रस्ताव गोड वाटतो, पण मी तो घेणार नाही. घर सोडून जाणारा माणूस सगळ्यात स्वस्त कंत्राटदार बघणार. किंमत कमी करून घ्या आणि काम आपल्या देखरेखीखाली करा. घराच्या विम्यात ॲस्बेस्टॉसचा खर्च बहुतेकदा धरलेला नसतो, तेव्हा विमा कंपनीला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला आधीच विचारा.

राहायला गेल्यावर

छत तसंच ठेवलं असेल तर त्यात खिळा, हुक, ड्रिल नाही. झाडूने जाळी काढायची नाही. त्याखाली मुलांचा दुमजली पलंग नको, वरच्या पलंगावरून हात पोचतो. कण खाली पडले तर पंखा बंद करा, दार लावून घ्या, आणि झाडू किंवा घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. साधा व्हॅक्यूम क्लीनर तंतू मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो. चिमूटभर कण ओल्या फडक्याने टिपून फडक्यासकट बंद पिशवीत टाका. टाकायची जागा पालिकेला विचारा. मोठा तुकडा पडला तर खोली बंद ठेवून तज्ज्ञाला बोलवा. धुळीचा साधा मास्क किंवा एन-९५ या कामाला पुरत नाही.

इलेक्ट्रिशियन, रंगारी, इंटरनेटची वायर ओढायला येणारा मुलगा, यांपैकी कुणालाही तुमच्या छतात काय आहे ते माहीत नसतं. विजेच्या बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला "छतात ॲस्बेस्टॉस आहे, विचारल्याशिवाय भोक पाडू नये" अशी चिठ्ठी चिकटवा. चाचणीचा रिपोर्ट, झाकण्या-काढण्याच्या कामाची पावती आणि हवेच्या चाचणीचा निकाल घराच्या खरेदीखतासोबत एकाच फायलीत ठेवा. घर विकताना पुढचा खरेदीदार हेच कागद मागेल.